दोन बोच्चे कोर्ट, अकरा शनिवार-रविवार : आमच्या कामाच्या नोंदी

बोच्चे म्हणजे एका लहान चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू टाकायचा खेळ. आमची बोच्चेची लीग पूर्णपणे स्वयंसेवकांची आहे. खेळाडू ४८, त्यांतले ६ व्हीलचेअरवरून खेळतात. आजवर आम्ही उसन्या हिरवळीवर खेळायचो. गवतात चेंडू उड्या मारतो, उताराकडे पळतो आणि चांगला फेकणारा हरतो. शेवटी मोकळी जागा वापरायची परवानगी मिळाली आणि कोर्ट स्वतःच बांधायचं ठरलं. आमच्यात कंत्राटदार कुणी नाही. गवंडीकाम केलेले एक काका, सुतारकामाची आवड असलेला एक जण, बाकी सगळे हौशी. नोंदी रोज संध्याकाळी लिहिल्या आहेत. ज्यांना असंच काम करायचं आहे त्यांनी आमच्या चुका तरी पुन्हा करू नयेत, एवढ्यासाठी त्या इथे देतोय, नंतर कळलेलं मधेमधे जोडून.

सुरुवातीआधी

मापावरून दोन बैठका गेल्या. राफ्फा या बोच्चेच्या प्रकाराचं कोर्ट २६.५ मीटर लांब आणि ४ ते ४.५ मीटर रुंद असतं. स्पेशल ऑलिंपिक्सचं कोर्ट १८.२९ मीटर लांब आणि ३.६६ मीटर रुंद, म्हणजे बरोबर ६० फूट बाय १२ फूट. आमच्या जागेत पहिल्या मापाचं एकच कोर्ट बसत होतं, दुसऱ्या मापाची दोन बसत होती. दोन कोर्ट म्हणजे एका वेळी चार संघ, प्रत्येकी चार जणांचे, म्हणजे १६ जण खेळणार. एका कोर्टावर ४८ जणांची लीग चालवली तर लोक बाकावर बसूनच घरी जातात. दोन कोर्ट ठरली.

मधली फळी दोन्हींना एकच ठेवली तर लाकूड वाचेल असं एकाने सुचवलं. मोह झाला होता. पण एका कोर्टावरचा जोरदार चेंडू फळीवर आपटला की शेजारच्या कोर्टावर त्याचा धक्का बसतो, आणि व्हीलचेअरला ये-जा करायला मधे वाट लागतेच. दोन कोर्टांमधे दीड मीटर वाट सोडली. हा निर्णय बरोबर ठरला.

दिवस १, शनिवार

३१ जण आले. इतके पुन्हा कधीच आले नाहीत.

सकाळचा अख्खा वेळ वाया गेला. आखणीचा कागद ज्याने आणला त्याने तो चुकून बोच्चाचा आणला होता. बोच्चे आणि बोच्चा, एका मात्रेचा फरक, पण खेळ वेगळे. बोच्चा हा पॅरालिंपिकमधला खेळ, १९८४ पासून तिथे आहे. त्याचे चेंडू मऊ, सुमारे २७५ ग्रॅमचे, आणि कोर्ट १२.५ मीटर बाय ६ मीटर, सपाट टणक जमिनीवरचं. आम्ही त्या मापाने खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, चुन्याने रेघा मारल्या. मग व्हीलचेअरवरून खेळणारी एक ताई आली. तिने दोन्ही खेळ खेळलेले आहेत. रेघा बघून ती म्हणाली, "हे आपलं कोर्ट नाही. एवढं रुंद कशाला?" तिच्यामुळे वाचलो. खोदाई सुरू झाल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं, त्याचा विचारही नको वाटतो.

मापाचा कागद दोघांनी वेगवेगळा आणायचा आणि जुळवून बघायचा, हा नियम त्याच दुपारी केला.

दिवस २, रविवार

नव्याने आखणी. काटकोनासाठी ३-४-५ ची रीत वापरली : कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ मीटर, दुसऱ्या दोरीवर ४ मीटर, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर ५ मीटर भरलं पाहिजे. ते भरलं. तरी काकांनी दोन्ही कर्ण मोजायला लावले. एक १८.६७ आला, दुसरा १८.६३. कर्ण १८.६५ यायला हवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सारखे हवेत. १८ मीटरच्या लांबीत कोपऱ्यावरची बारीकशी चूक टोकाला जाऊन मोठी होते. ३-४-५ वर सुरुवात करा, पण विश्वास कर्णांवरच ठेवा.

दुसरी गोष्ट : कोर्टाचं माप आतलं धरायचं असतं, फळीपासून फळीपर्यंत. आमच्या ओंडक्यांची जाडी १५ सेंटीमीटर, म्हणजे बाहेरून बाहेर १८.५९ बाय ३.९६. ओंडका बसवायला, सळया ठोकायला बाजूने अजून १५ सेंटीमीटर जागा हवी. खोदाईच्या रेघा त्या हिशेबाने बाहेर सरकवल्या. हे आधी लक्षात आलं याचं श्रेय सुतारकाम करणाऱ्याला.

दिवस ८, शनिवार

छोटं खोदयंत्र एका दिवसासाठी भाड्याने घेतलं. खोली २० सेंटीमीटर : खाली १० सेंटीमीटर मोठी खडी, त्यावर ७.५ सेंटीमीटर कच (भुकटीसकट बारीक खडी), वर २.५ सेंटीमीटर शिंपल्यांचा चुरा. म्हणजे खेळायची पातळी आजूबाजूच्या जमिनीशी सारखी येते आणि व्हीलचेअरला पायरी लागत नाही.

सकाळी साडेदहाला पाण्याचा एक जुना पाईप फोडला. जमिनीखाली काय आहे ते आम्ही विचारलं होतं, वीजवाहिनीची खात्रीही केली होती, पण बागेला पाणी द्यायची ही जुनी लाईन कुठल्याच नकाशावर नव्हती. खड्ड्यात घोटाभर पाणी झालं. कॉक शोधून बंद करेपर्यंत पाऊण तास गेला, खड्डा सुकेपर्यंत पुढचे दोन दिवस. ज्यांच्या ताब्यात जागा आहे त्यांच्याकडे जुनं पाणी कुठून कुठे जायचं हे तोंडी विचारा. तिथे वीस वर्षं काम केलेल्या माळ्याला ते ठाऊक होतं, आम्ही त्याला विचारलंच नव्हतं.

आणि माती! प्रत्येक कोर्टाचा खड्डा साधारण १६ घनमीटर, दोन्ही मिळून ३२ च्या वर. पण जमिनीतून सुटलेली माती फुगते, पाव हिस्सा तरी वाढते. ४० घनमीटर मातीचा ढीग कुठे टाकायचा हे कुणीच ठरवलं नव्हतं. आम्ही तो शेजारीच टाकला, म्हणजे नेमका तिथे जिथून खडीची गाडी आत येणार होती.

दिवस ९, रविवार

दिवसभर माती हलवली. १७ जण, ६ हातगाड्या. थोडी माती प्रेक्षकांच्या बाजूला उताराने पसरली, बाकी गाडी बोलावून उचलून द्यावी लागली. हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. आज माझी कंबर धरली आहे, त्यामुळे नोंद लहान.

दिवस १५ आणि १६

पाण्याचा निचरा. आता मागे वळून बघताना या दोन दिवसांबद्दल सर्वांत जास्त लिहायला हवं, पण तेव्हा आम्हाला हे काम सोपं वाटलं होतं.

प्रत्येक कोर्टाखाली लांबीच्या दिशेने एक चर खणला, ३० सेंटीमीटर रुंद, डाव्या फळीपासून सव्वा मीटरवर. त्यात १० सेंटीमीटर व्यासाचा भोकांचा पाईप. भोकं खालच्या बाजूला ठेवायची. लोक हमखास उलटं करतात, कारण पाणी वरून येतं असं डोळ्यांना दिसतं. पण चरात पाणी खालून चढत पाईपपर्यंत येतं. उतार १ टक्का, म्हणजे १८ मीटरमागे १८ सेंटीमीटर. पाईपभोवती जिओटेक्स्टाईलचं (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड गुंडाळलं, नाही तर मातीचे कण भोकं बुजवतात. संपूर्ण खड्ड्यातही तेच कापड अंथरलं, जोडांवर ३० सेंटीमीटर एकावर एक चढवून.

चर खडीने भरला. एका दमात भरला, वरून पायांनी तुडवला, पुढे गेलो. रविवारी दुपारी दोनलाच काम आटोपलं म्हणून सगळे खूष होते. याची किंमत दिवस ५१ ला कळली.

दिवस २२, शनिवार

खडी आली. पहिली गाडी बघूनच काका "अहो, ही नको" म्हणाले. नदीतले गोल गोटे होते. मागवली होती तोडलेली, कोनाकोनांची खडी, २० ते ४० मिलिमीटर. गोल गोटे दाबले तरी एकमेकांत अडकत नाहीत, पायाखाली सरकत राहतात. तुटलेल्या दगडाचे कोन एकमेकांत रुततात आणि थर घट्ट बसतो. पुरवठादाराने चूक मान्य केली, पण गाडी परत न्यायला आणि बरोबर माल आणायला चार तास लागले. तोवर १४ जण हातावर हात ठेवून बसले. त्यांतले पाच जण त्यानंतर आलेच नाहीत. मला त्यांचा राग नाही. आपला शनिवार देणाऱ्याला रिकामं बसवून ठेवणं बरं नव्हे. अशा दिवसासाठी दुसरं काम हाताशी तयार ठेवायला हवं होतं, ती जबाबदारी माझी होती.

खडी कमी पडली. मी हिशेब केला तो खड्ड्याच्या मापाने, १६.५ घनमीटर. पण दाबल्यावर थर बसतो, त्यासाठी वीस-पंचवीस टक्के जास्त धरावे लागतात. शिवाय दोन्ही चरांत जवळपास ३ घनमीटर गेली होती, ती मी मोजलीच नव्हती. एकूण २३ हवी होती. उरलेल्या खडीसाठी गाडीचं भाडं पुन्हा पूर्ण.

दिवस २३, रविवार

प्लेट कॉम्पॅक्टर (थर दाबून बसवायचं मशीन) भाड्याने. खडी ५-५ सेंटीमीटरच्या दोन थरांत, प्रत्येक थरावर उभ्या-आडव्या चार फेऱ्या. मशीन चालवणाऱ्याने कान झाकले पाहिजेत आणि दर वीस मिनिटांनी माणूस बदलला पाहिजे, हात बधिर होतात.

दिवस २९ आणि ३०

ओंडके. प्रक्रिया केलेलं लाकूड, १५ बाय १५ सेंटीमीटर, एकावर एक दोन. खालचा ओंडका दाबलेल्या खडीवर बसतो, त्यामुळे १० सेंटीमीटर जमिनीत आणि २० सेंटीमीटर वर. बोच्चेचा चेंडू साधारण ११ सेंटीमीटर व्यासाचा, कडेची फळी कुठेही त्याच्यापेक्षा कमी उंच असून चालत नाही. वरच्या ओंडक्याचे जोड खालच्या जोडांवर येऊ द्यायचे नाहीत, भिंतीतल्या विटांसारखे सांधे मोडून बसवायचे. दर सव्वा मीटरला भोक पाडून १२ मिलिमीटरची सळई जमिनीत ९० सेंटीमीटर ठोकली.

लाकूड बघून घ्या. आमच्या २२ पैकी ३ ओंडके पिळलेले होते. एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं की लगेच दिसतं, पण आम्ही ते गाडीतून उतरवताना बघितलं नाही, बसवताना बघितलं. दोन बदलून मिळाले, एक कापून टोकाच्या भिंतीत वापरला.

कापलेले तुकडे कुणीतरी शेकोटीत टाकले होते. ताबडतोब बाहेर काढायला लावले. प्रक्रिया केलेलं लाकूड जाळलं की धूर विषारी असतो. कापतानाही मास्क हवाच.

दिवस ३६, शनिवार

पातळी. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची रेघ बघायची, ही काकांची जुनी रीत, आणि ती बिनचूक आहे. पण आम्ही खुणा केल्या त्या जुळेनात. एका कोपऱ्यापासून सुरू करून फिरत फिरत पुन्हा त्याच कोपऱ्यावर आलो तर खूण १२ मिलिमीटर वर. तीनदा केलं, तिन्ही वेळा वेगळा आकडा. शेवटी काकांनी नळी उन्हाकडे धरली आणि हळूहळू बोटांतून सरकवत नेली. मध्यावर, जिथे नळी ओंडक्यावरून दुमडली होती, तिथे हरभऱ्याएवढा हवेचा बुडबुडा. तो टिचक्या मारून मारून टोकाकडे आणला, बाहेर काढला. पुढच्या फेरीत खूण खुणेवर बसली.

एवढं झाल्यावर एका दिवसासाठी फिरता लेझरही आणला आणि सगळ्या खुणा पडताळल्या. फरक कुठेही २ मिलिमीटरच्या वर नव्हता. नळी पुरेशी आहे, पण भरताना पाणी एका टोकाने सावकाश सोडा आणि पूर्ण लांबी डोळ्यांखालून घाला.

दिवस ३७, रविवार

कच पसरली. सपाटीसाठी कोर्टाच्या रुंदीएवढी फळी घेतली, तिच्या दोन्ही टोकांना कान ठोकले, कान ओंडक्यांवर टेकवून दोघांनी दोन बाजूंनी ओढत न्यायची. छान चाललं होतं. संध्याकाळी दोरी ताणून मोजलं तर कोर्ट मधोमध ८ मिलिमीटर खोल. साडेतीन मीटरची फळी स्वतःच्या वजनाने मधे लवत होती! पुढच्या वेळी लोखंडी चौकोनी नळी वापरली, ती लवत नाही. कच ओलसर हवी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण हाताला पाणी लागू नये. कोरडी असली की ओढताना भुकटी खाली राहते आणि जाड कण पुढे ढकलले जातात, मग एका टोकाला सगळा खडबडीतपणा जमतो.

आज फक्त ७ जण होतो.

दिवस ४३, शनिवार

फाटक. व्हीलचेअरसाठी प्रत्येक कोर्टाच्या कडेला एक मीटरची वाट ठेवायची होती. हे आम्ही ओंडके बसवतानाच करायला हवं होतं. नंतर कापायचं ठरवलं, कापलं, आणि कापलेलं टोक दोन सेंटीमीटर बाहेर झुकलं, कारण तिथे सळई नव्हती. जिथे कापायचं त्याच्या दोन्ही बाजूंना आधी सळया ठोका, मगच करवत लावा. आम्ही जॅक लावून टोक परत आत दाबलं, दोन सळया ठोकल्या, आणि मोकळ्या जागेत खाचांतून वरून सरकणारी फळी बसवली. फळी आतल्या बाजूने ओंडक्यांशी अगदी सपाट हवी, नाही तर कडेने येणारा चेंडू तिथे आपटून दिशा बदलतो.

दिवस ४४, रविवार

मोठी चूक केली. दाबल्यावर कच ठरवलेल्या पातळीपेक्षा अडीच सेंटीमीटर खाली बसली होती. अजून कच मागवायची म्हणजे पुन्हा गाडी, पुन्हा आठवडा. शिंपल्यांचा चुरा दोन्ही कोर्टांपुरता आलेला होता. मी म्हटलं, पहिल्या कोर्टावर चुराच जाड घालू, मऊ बसेल. ५ सेंटीमीटर घातला. काकांना पटलं नव्हतं, त्यांनी एकदा सांगितलंही. मी थकलो होतो आणि ऐकलं नाही.

दिसायला कोर्ट फार सुंदर दिसत होतं, पांढरंशुभ्र.

दिवस ५०, शनिवार

मधे तीन दिवस पाऊस होता. निचरा उत्तम झाला, कुठेही डबकं नाही.

पण चेंडू धावेना. ९०० ग्रॅमच्या वरचा चेंडू जाड चुऱ्यात रुततो, मागे चाकोरी सोडतो आणि दहा मीटरवर थांबतो. दुसरा चेंडू त्याच चाकोरीत शिरतो. मग पहिल्या दिवशीची तीच ताई फाटकातून आत आली, दोन मीटर गेली आणि थांबली. "पुढची चाकं रुततायत रे," म्हणाली. पुढची लहान चाकं अर्धी आत गेली होती. जिच्यासाठी पायरी ठेवली नाही, फाटक केलं, तिलाच आम्ही वाळूत अडकवलं. मला फार वाईट वाटलं.

सगळा चुरा खरवडून काढला, चाळून पोत्यांत भरला. कच मागवली, जी दिवस ४४ लाच मागवायला हवी होती.

दिवस ५१, रविवार

कच अजून यायची होती, म्हणून उघड्या कोर्टावर चेंडू सोडून बघायचं ठरलं. हाताने फेकला तर फेकणाऱ्याचा दोष की जमिनीचा हे कळत नाही. अर्धा कापलेला पाईप तिरपा टेकवून पन्हाळ केली, तिच्यावरून चेंडू सोडला, म्हणजे वेग आणि दिशा दर वेळी तीच.

डाव्या फळीपासून दीड मीटरवरून सोडला. सात-आठ मीटर सरळ गेला, मग सावकाश डावीकडे वळायला लागला. ११ मीटरवर २२ सेंटीमीटर डावीकडे. दुसरा चेंडू सोडला, तेच. चेंडू बदलले, तेच. मग पन्हाळ समोरच्या टोकाला नेली आणि उलट्या दिशेने सोडला. आता तो उजवीकडे वळला, म्हणजे कोर्टाच्या त्याच बाजूकडे. चेंडूचा दोष नव्हता.

आम्ही तिघे गुडघ्यांवर बसलो. पावसानंतर कच वरून सुकली होती, फिकट राखाडी झाली होती. तिच्यातून एक गडद, ओलसर पट्टा कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. हातभर रुंद, डाव्या फळीपासून सव्वा मीटरवर. कुणी बोललं नाही. तो आमचा चर होता. दोरी ताणून पोलादी पट्टीने मोजलं : पट्ट्याच्या मधे ९ मिलिमीटर खोल, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर हळूहळू उतार. डोळ्यांना दिसत नाही, चेंडूला दिसतो.

कारण सरळ आहे. आजूबाजूची जमीन कधी हललेली नव्हती. चरात मात्र तीसेक सेंटीमीटर खडी एका दमात ओतलेली, आतून पोकळ. कॉम्पॅक्टरचा जोर वरच्या दहा-पंधरा सेंटीमीटरपुरताच पोचला. पाऊस आला, खडी सरकून बसली आणि वरचं सगळं तिच्याबरोबर खाली गेलं.

वरून कच टाकून खळगा भरून टाकू, असं दोघांनी सुचवलं. काका म्हणाले, "आज भराल, पुढच्या पावसात पुन्हा बसेल. उघडावंच लागेल." या वेळी मी त्यांचं ऐकलं.

दिवस ५७ ते ६५, दोन शनिवार-रविवार

दोन्ही कोर्टांवर सव्वा मीटर रुंदीचा पट्टा पूर्ण लांबीने उघडला. दुसऱ्या कोर्टावर खळगा अजून ४ मिलिमीटरचाच होता, पण तोही खाली जाणारच होता. कच एका बाजूला, खडी दुसऱ्या बाजूला, ताडपत्रीवर वेगवेगळी, एकत्र झाली तर दोन्ही वाया. पाईपपर्यंत हाताने उकरलं. पाईपच्या दोन्ही बाजूंना आधी खडी खोचली, मग ७-७ सेंटीमीटरचे थर, प्रत्येक थर हातातल्या धुमसाने ठोकलेला. पाईपवर निदान १५ सेंटीमीटर खडी येईपर्यंत मशीन लावायचं नाही, पाईप चेपतो. एका जागी चेपलेला सापडलाच, तो अर्धा मीटर कापून बदलला.

धुमसाचा आवाज ऐकत राहायचा. सुरुवातीला बसका येतो, थर घट्ट झाला की टणत्कार येतो. काकांनी हे सांगितल्यावर आमच्यातल्या १६ वर्षांच्या मुलीने अख्खा पट्टा आवाजावर ठोकला आणि नंतर लेझरने तपासला तेव्हा सर्वांत सपाट तिचाच भाग होता.

शेवटी नळीने भरपूर पाणी सोडलं, रात्रभर राहू दिलं, सकाळी पुन्हा मोजलं. कुठेही २ मिलिमीटरपेक्षा जास्त बसलं नाही.

दिवस ७१ आणि ७२

कच नव्या पातळीपर्यंत, दोन थरांत. शिंपल्यांचा चुरा २ सेंटीमीटर, एकेक सेंटीमीटरचे दोन थर, प्रत्येकावर हलकं पाणी आणि हाताचा रोलर. अडीच ठरवला होता, अर्धा मुद्दाम कमी केला आणि कच तेवढी वर घेतली. ताई दोन्ही फाटकांतून आत गेली, टोकापर्यंत जाऊन वळून आली. चाकांचा ठसा उमटला, पण चाक रुतलं नाही. पन्हाळीवरून सोडलेला चेंडू ११ मीटरवर ३ सेंटीमीटर सरकला. त्याहून बारीक काही आमच्या हातून होईलसं वाटत नाही.

टोकाच्या भिंतीपुढे साखळीने फळी टांगली, भिंतीपासून ५ सेंटीमीटर सुटी. जोरात आलेला चेंडू तिच्यावर आपटून मरतो, परत येऊन डाव मोडत नाही. खुणा केल्या : टोकापासून ३.०५ मीटरवर फेकायची रेघ, आणि मध्यरेघ, जिच्या पलीकडे पल्लिनो (ज्याच्या जवळ बाकीचे चेंडू टाकायचे तो लहान चेंडू) गेलाच पाहिजे.

खर्चाचा हिशेब, दर १०० मागे : खडी, कच, चुरा आणि त्यांची वाहतूक ३४, लाकूड आणि सळया ३१, मशीनचं भाडं १८, पाईप आणि कापड ८, आणि चुका निस्तरायला ९. त्या ९ मधे माती उचलणं, खडीची दुसरी गाडी, कचेची दुसरी गाडी आणि धुमस घातलेले ते दोन आठवडे आले. वेळ ६ आठवडे धरला होता, ११ लागले. गेलेल्या पाचांपैकी निदान तीन त्या चराचे आणि माझ्या ५ सेंटीमीटरचे.

दिवस ७८, शनिवार

पहिले सामने. चार संघ, दोन्ही कोर्ट. तिसऱ्या डावात दोन चेंडू पल्लिनोच्या दोन बाजूंना जवळजवळ सारख्याच अंतरावर आले. पट्टी काढली, चौघे ओणवे झाले, ४ मिलिमीटरचा फरक निघाला. हरलेल्या संघाने पुन्हा मोजायला लावलं, तेवढाच निघाला. जमिनीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

देखभाल लिहून फळीवर लावली आहे : सामन्यांआधी जाळी ओढून चुरा सारखा करायचा, पाण्याचा हलका शिडकावा, एक फेरी रोलरची. फळ्यांच्या कडेला चुरा साचतो, तो झाडूने मधे आणायचा. चुऱ्याची सहा पोती राखून ठेवली आहेत.

दुसऱ्या कोर्टाच्या फाटकाची फळी ओलीने फुगली आहे, खाचेत अडकते. उद्या रंधा मारायचा आहे.